आक्काची फेरतपासणी

टेबलावर डाव्या हाताची थाप पडली की माझी शाईची बाटली नाचायची. मान वर न करताही कळायचं, आक्का आली!

"ऊठ रं मर्दा, माणसं आल्यात माझी! चा नंतर पी."

ही तालुक्याची कचेरी, कोल्हापूरपासून एसटीनं दीड तासावर. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात माझीच शोभा झाली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. निराधारांचा पगार नुकताच सुरू झाला होता. कागदावर ते अनुदान, पण लोकांच्या तोंडी पगारच. पासष्टी ओलांडलेल्या अपंगांनाही दरसाल जातीनं हजर राहून दाखवावं लागायचं, की बाबांनो, आम्ही अजून अपंगच आहोत. आक्काचा उजवा हात कोपरापासून नव्हता. तरुणपणी गुऱ्हाळावर, घाण्यात ऊस घालताना गेलेला. आता या वयात तो काय परत उगवणार होता? पण कागद म्हणजे कागद!

तपासणीच्या दिवशी तुम्ही तिथं असायला हवं होतं, राव! भाजीचा टेम्पो दारात थांबायचा आणि आधी आक्का उडी मारायची. मग कमरेत हात घालून एकेका म्हाताऱ्याला खाली घ्यायची. तिच्या गावचे दहा-बारा तरी असत. सगळ्यांची रेशनकार्डं आणि दाखले एका फडक्यात बांधलेले. त्याची गाठ ती दातानं सोडायची आणि तोंडात फडक्याचं टोक असतानाच हुकूम सोडायची, "लंगडा पुढं! आंधळ्यानं त्येचा खांदा धरा. आणि बहिऱ्याला मधी घ्या, हरवला तर हाक ऐकू येत न्हाय त्येला!" शिपाईसुद्धा रांगेत उभा राहायचा. हसून हसून पोट दुखायचं आमचं.

त्या साली नवे साहेब आले होते. तरुण, हुशार, नियमाला पक्के. मला कुठून अवदसा आठवली! खिडकीशी नेऊन मी त्यांना दाखवलं, "साहेब, बघा, बघा! एका हातानं दहा जणांचं काम ओढते ही बाई. भाकरी थापते, पाणी भरते, रानात खुरपते!"

"असं?" साहेब म्हणाले. आणि माझ्यादेखत तिच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'काम करण्यास सक्षम. अनुदान बंद का करू नये, याबाबत सुनावणी ठेवावी.'

माझ्या जिभेला हाड नाही ते असं. मूल ना बाळ, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. त्या पगारावर तिची चूल पेटायची. तो गेला तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, आणि आक्का उभी राहणारी नव्हे. उपाशी निजली असती.

रविवारी सायकल काढून तिच्या घरी गेलो. म्हटलं, "आक्का, सुनावणीला एकटी ये. काही करू नकोस, काही उचलू नकोस. जरा कण्हत ये."

"कण्हू? मला काय झालंय?"

"अगं, पगार जाईल!"

"जाऊ दे की! कण्हून घेतलेला पगार अंगाला लागंल व्हय?"

पण मी सायकलवर टांग मारल्यावर तिनं हळूच विचारलं, "खरंच बंद करत्यात व्हय रं?" मी मान खाली घालूनच पायडल मारलं.

सुनावणीला ती एकटीच आली होती. पण मागोमाग टेम्पोभर माणसंही आली, कुणी न बोलावता! सगळी दारात दाटून उभी.

साहेबांनी विचारलं, "आजी, स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करतो की!"

"धुणं?"

"मीच. पिळायचं तेवढं कडीला अडकवून पिळतो."

मी टेबलाखाली पाय आपटत होतो. अगं बाई, एकदा तरी 'न्हाय' म्हण!

"रानातलं काम?"

"खुरपतो की! माझ्याएवढी सरळ सरी धरून दाखवावी कुणी!"

"म्हणजे तुमचं काहीच अडत नाही?"

"न्हाय!" आक्का म्हणाली. साहेबांनी पेन उचललं.

"साहेब, तिला नखं विचारा."

आवाज दारातून आला. बाबालाल चाचा. आक्काच्या शेजारचे. एकेकाळचे नामी शिंपी, आता दोन्ही डोळ्यांनी आंधळे.

"डाव्या हाताची नखं कापाय उजवा हात लागतो, साहेब. तिनं त्यो कुठनं आणायचा? दर जुम्म्याला मी कापतो. माझी कात्री हाय अजून. चाचपून कापतो."

"गप बसा की, चाचा!" आक्काचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दोनदा मांसात गेली माझी कात्री," चाचा म्हणाले. "आई गं म्हणाली न्हाय."

आक्कानं हात पदराखाली लपवला होता.

"खरं आहे, आजी?"

तिनं खाली बघत मान हलवली. साहेबांनी स्वतःचीच लाल ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'अनुदान चालू ठेवावे. पुन्हा तपासणीस बोलावू नये.' मी खुर्चीतून उडालोच! शिपायाला ओरडून सांगितलं, सगळ्यांना चहा आण, माझ्या नावावर!

आक्कानं चहाला हात लावला नाही. माझ्याकडं आणि चाचांकडं बघून एवढंच म्हणाली, "पगार ठिवलासा. पर चार माणसांत माझी नखं काढलीसा."

आपलं काम उरलं नसतानाही पुढची दोन वर्षं ती टेम्पो घेऊन आली. थाप मात्र शेजारच्या कारकुनाच्या टेबलावर पडायची. माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. सुरुवात माझ्याच जिभेनं केली होती, हे तिला कळलं असणार. मला फार लागायचं ते, खोटं कशाला सांगू? तरी ती आली की बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी टेम्पो आला आणि बराच वेळ कुणी खालीच उतरेना. मी बाहेर गेलो. चाचा फळीला धरून बसले होते. "आक्का गेली, रावसाहेब," म्हणाले. "उतरायचं कसं, त्ये कुणालाच ठावं न्हाय."

मी बाह्या सरसावल्या. एकाला धरावं तर दुसरा घसरत होता, काठी सांभाळावी तर कागद उडत होते, बहिरा भलतीकडंच निघाला होता. मला दोन्ही हात पुरेनात.