बांधावरच्या बोरीचं पीठ

आमच्या बांधावर एकच बोर होती, आणि त्या साली ती सासऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होती. कापसाला सोन्याचा भाव आलेला. ज्वारीचं वावरही त्यांनी कापसाखाली घातलं होतं. आता बोर तोडली की आणखी चार ओळी बसतील, असा त्यांचा हिशेब. अमरावतीला कापूस पोचवून आलो की तोडतोच, असं सांगून त्यांनी कुऱ्हाडीला धारही लावून ठेवली.

माझा जीव जळला. बोरकूट हे घरात माझं काम होतं, आणि मला त्याचा तोरा होता. बोरं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, वाळवायची. आतली बी खुळखुळायला लागली की उखळात हलक्या हातानं कुटायची, बी फुटू न देता, आणि चाळून घ्यायची. त्या आंबटगोड पिठात गूळ-पाणी कालवलं की दुपार निघून जाई.

सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही आमची रीत. म्हणून मी दाराआडून सासूबाईंनाच विचारलं, पण ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांना नीट ऐकू जाईल असं.

"आत्याबाई, कापूस खाता येते काय?"

सासूबाई पदराआड हसल्या.

त्या वर्षी धाब्यावरही कापूसच पसरलेला. मी हट्टानं एका कोपऱ्यात बोरं घातली आणि वाऱ्यानं माझी चांगली जिरवली. अर्धवट वाळलेल्या चिकट बोरांना कापूस उडून लागला, एकेका बोराला दाढी फुटली. निवडून निवडून बोटं दुखली, तरी पिठात तंतू राहिलेच. तेच पीठ पुरचुंडीत बांधून मी अमरावतीला निघालेल्या कापसाच्या गाडीत शिदोरीला ठेवलं. दुसरं होतं कुठे?

गाडी ठरल्या दिवशी परतली नाही. अमरावतीत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि सगळ्यांनीच कापूस पेरलेला, त्यामुळे ज्वारी कुठे मिळेना. नंबर लागेपर्यंत सासरे आणि आमचा गडी त्या पुरचुंडीवर राहिले. हे गड्यानंच मला मागाहून सांगितलं.

सासरे आले, पाय धुतले, आणि कुऱ्हाड उचलून आत कोपऱ्यात ठेवून दिली. मग ओसरीवर बसून दाताच्या फटीत अडकलेला एक तंतू काढत बसले. मी दाराआडच होते, हे त्यांना ठाऊक होतं.

"तुया सुनेले सांग," ते सासूबाईंना म्हणाले, "कापूस खाऊन पाह्यला. बोर राहू दे."