गळ्यापर्यंत बटण

कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिलेला माणूस मला कधीच आवडला नाही. तळोद्यातल्या माझ्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकायला येणाऱ्यांना मी ठणकावून सांगायचो, "अरे, तो फोटो नव्हे, सोंग आहे सोंग! माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा असतो." बोलायला काय जातं!

गेल्या उन्हाळ्यात मोलगीच्या बाजारात आमचूर विकणारा एक म्हातारा दिसला. मी कॅमेरा उचलला तसं त्याने हातानेच थांबवलं. फेटा नीट केला, सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत लावलं आणि ताठ उभा राहिला. मन मोडू नये म्हणून तीन फोटो काढले. पुढे तो मला विसरून आमचूर निवडत बसला, तेव्हा मला हवा तो मिळाला: नुसते दोन हात. घरी आल्यावर आधीचे तिन्ही पुसून टाकले. हातांचा मोठा करून स्टुडिओच्या भिंतीवर लावला. लोक वाहवा करायचे आणि मी फुगायचो.

दिवाळीनंतर एक तरुण आईला घेऊन आला. गावातले सगळे स्टुडिओ पालथे घालून माझ्याकडे पोचला होता.

"दादा, मोलगीत आमच्या बाबाचे फोटो तुम्हीच काढले ना? तीन काढले, असं अख्ख्या पाड्याला सांगत होता. वारला तो. आधारकार्डावरचा आहे, पण आई म्हणते, हा आमचा माणूसच नाही."

पुसलेले फोटो सापडणार कुठून? तरी मी एकेक फोल्डर उघडत बसलो. त्याची आई उभीच होती, बस म्हटलं तरी बसेना. आतल्या घरातून बायकोने विचारलं, "काय शोधी ऱ्हायनात?" तिच्यावरच खेकसलो. फोटो नेमका कोणासाठी काढायचा, हे इतक्या वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटी खोटं बोललो. "भाऊ, डिस्क खराब झाली. गेले सगळे."

त्याने आईला भिली बोलीत सांगितलं. तिचं लक्षच नव्हतं. ती भिंतीपाशी गेली, फ्रेमवर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलली.

"हे बाबाचेच हात, म्हणते." तो अडखळला. "विचारतेय, तोंड का नाही काढलं?"

"काढलं होतं," मी म्हणालो. "मीच पुसलं."

आईला त्याने ते सांगितलं नाही.