तळ्यातल्या माशांना आग्रह

बाबा अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाले आणि वांगणीच्या घरामागं तळं खणून त्यांनी त्यात रोहूची पिल्लं सोडली. पुढच्या गटारीला, म्हणजे श्रावण लागायच्या आधीच्या मटण-मच्छीच्या शेवटच्या दिवशी, कंपनीतल्या मित्रांना घरचे मासे खिलवीन, असं ते निरोपसमारंभात माइकवरून बोलून बसले होते. त्यांची सगळी इभ्रत आता त्या माशांवर होती.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. सकाळी एकदाच कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. डबा वाजवला की मासे खरोखर वर यायचे, आणि बाबांची मान अशी ताठ व्हायची की प्रमोशनच मिळालंय.

आईला हा निव्वळ दुष्टपणा वाटायचा. आमच्याकडे पाहुणा हात आडवा धरतो तरी वाढणारी बाई हटत नाही. ती दुपारी गुपचूप भात टाकायची, संध्याकाळी चपातीचे तुकडे. "घे रे, एवढंसंच आहे," असं माशाला म्हणणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. मग सकाळी डबा वाजे आणि मासे तळाशी ढिम्म. पेंड कुजली, पाण्याला वास सुटला, माशांची वाढ थांबली. मासे आजारी पडले म्हणून बाबा हवालदिल झाले. मला ते बघवेना, मी आईचं बिंग फोडलं.

"अगं, आधीचं पचल्याशिवाय भूक लागेल कशी?" बाबा म्हणाले. "लग्नापासून मलाही तू हेच करत आलीस."

आई फणकारली, पण थांबली. पाणी निवळलं, मासे पुन्हा डब्याला धावायला लागले आणि चांगले हातभर झाले.

गटारीला मित्र तळ्याकाठी जमले. बाबांनी ऐटीत डबा वाजवला. पाणी हललंसुद्धा नाही. पुन्हा वाजवला. जाळं फेकलं, त्यात नुसता चिखल आला. मित्र खोकल्याच्या निमित्तानं हसू लागले.

आई बाबांच्या कानाशी गेली. मी शेजारीच होते. "अहो, सकाळीच मी त्यांना पोटभर घातलं. आज जायचे होते ना. उपाशी कसं पाठवायचं?"

बाबा लालबुंद झाले. कंपनीत माल बिघडला तरी या माणसानं कधी चूक कबूल केली नव्हती. आता आईची धडगत नाही, असं मला वाटलं. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि मित्रांकडे वळून म्हणाले, "मासे अजून लहान आहेत हो. माझंच गणित चुकलं. चला, वरणभात खाऊ."