पन्नास सामन्यांचा नियम

लूशस बीसनने एकतीस वर्षं अमेरिकेतल्या एव्हन्सव्हिल शहराच्या पश्चिम भागात टपाल वाटलं. निवृत्त झाला तेव्हा गुडघे गेले होते, पण स्वभाव गेला नव्हता. पाकिटावर घर क्रमांक चुकला असेल तर तो चार दारं ठोठावायचा, पण पत्र ज्याचं त्यालाच द्यायचा. माउंट ऑलिव्ह चर्चच्या तळघरात दर शनिवारी दुपारी फाशांवर बेसबॉल खेळणाऱ्या आठ म्हाताऱ्यांनी म्हणूनच त्याला आपल्या लीगचा चिटणीस केलं होतं. कागद, पेन्सिल आणि भांडणं, तिन्ही त्याच्या ताब्यात.

खेळ दिसायला पोरकट होता. खऱ्या खेळाडूने मैदानावर जे केलं त्याच्या आकड्यांवरून त्याचं एक कार्ड बनवायचं. फासे टाकायचे, फटका बसला का गडी बाद झाला ते कार्डावर बघायचं. दर फेब्रुवारीत आठही जण आळीपाळीने जुने खेळाडू निवडून आपापला संघ बांधत आणि मग उन्हाळाभर तावातावाने खेळत. मेलेली माणसं पुन्हा धावत.

त्या वर्षी रॉस्को पेटिफर्डने वेगळाच विषय काढला. रॉस्कोचं केशकर्तनालय होतं आणि लूशसशी मैत्री दुसरीपासूनची.

"आपण गोऱ्यांच्याच लीगमधले गडी का घेतो रे दरवर्षी?" तो म्हणाला. "आपले लोक खेळत नव्हते काय? या वेळी त्यांना पण घेऊ."

"घेऊ की," लूशस म्हणाला. "पण कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे आधी ठरवावं लागेल. नाहीतर प्रत्येक जण आपल्या चुलत्याला घेऊन येईल."

"मग ठरव तू. नियम करायला तुझ्याशिवाय आहे कोण?"

लूशसने आठवडाभर विचार केला. कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या लीगची नोंद कुणी धड ठेवलीच नव्हती. गोऱ्यांची वर्तमानपत्रं ते सामने छापत नसत. आपल्या लोकांची साप्ताहिकं छापत, पण जागा असेल तेव्हा. ऐकीव गोष्टींना मात्र अंत नव्हता. प्रत्येक घरात एक कुणीतरी होतंच, ज्याने म्हणे तीन मैदानं ओलांडून चेंडू नदीत टाकला होता. शेवटी त्याने एका कागदावर लिहिलं की ज्या खेळाडूचे किमान पन्नास सामने वर्तमानपत्रात छापलेल्या धावफलकाने सिद्ध होतील, तोच निवडीला पात्र. आठवण, शपथ, घरातला फोटो यातलं काहीही चालणार नाही.

शनिवारी त्याने तो वाचून दाखवला. मग रॉस्को हळूच म्हणाला, "पोस्टमन, यात तुझा बापच बाहेर पडेल की."

"नाही पडणार," लूशस म्हणाला. "मी शोधीन."

लूशसचा बाप जोसेफस. वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की जोसेफस बीसन एकोणीसशे अडतीस ते चाळीस अशी तीन वर्षं त्या जुन्या लीगमधल्या रिव्हरमेन संघात सेकंड बेसवर, म्हणजे मैदानातल्या दुसऱ्या ठाण्यावर, खेळला. पुढे चव्वेचाळीस वर्षं फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, राबला, पण ओळख तीच राहिली. संध्याकाळी भाजलेला चेहरा धुऊन तो ओसरीवर बसे, रस्त्याने जाणारे थांबत आणि मग पडता पडता पकडलेले चेंडू, चेंडू फेकणाऱ्याचं लक्ष नसताना धावून पळवलेले बेस, रात्रभर चालणारी ती खडखडी बस, सगळं यायचं. तो वारला तेव्हा चर्चमधल्या प्रार्थनेतही पाळकाने तेच सांगितलं.

लूशसला बाप आठवायचा तो मात्र घरामागच्या पटांगणात. सात वर्षांचा असल्यापासून रोज संध्याकाळी बाप जमिनीलगत चेंडू फेकायचा आणि लूशसच्या हातून तो निसटायचा. "हात आहेत का फळ्या?" बाप म्हणायचा. "तुझ्या वयात मी झोपेत पकडत होतो." ओठ फुटायचा, नाक फुटायचं, आई खिडकीतून बघायची, बोलायची नाही. चौदाव्या वर्षी शाळेच्या संघाने लूशसला नको म्हटलं. त्या दिवशी बाप ओरडला नाही. त्याने चेंडू पकडायचा हातमोजा घेतला, तेल लावलं, कपाटावर ठेवून दिला, आणि त्यानंतर पोराशी कामापुरतंच बोलायला लागला. हे असं जवळजवळ चौतीस वर्षं चाललं. लूशसला पोस्टात नोकरी लागली तेव्हाही बाप एवढंच म्हणाला, "चला, थैली तरी खाली पडू देऊ नकोस."

तरीही लूशसला बापाचं कार्ड हवं होतं. का, ते त्याला बायकोलाही सांगता आलं नसतं. फासे टाकावेत, बापाने बेस पळवावा, आणि आपण पेन्सिलीने ते लिहून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तो रोज सकाळी शहराच्या वाचनालयात जाऊ लागला. जुनी साप्ताहिकं तिथे फिल्मवर होती. हँडल फिरवायचं आणि पडद्यावर पानं सरकताना बघायचं. पहिल्या दिवशी डोळे दुखले. तिसऱ्या दिवशी दिसलं: बीसन, सेकंड बेस, चार वेळा फलंदाजी, दोन फटके. धावफलकात आडनावंच असत. लूशसने पडद्यावर बोट टेकवलं आणि तसाच बसून राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"माझे वडील आहेत," तो म्हणाला.

साडेपाच आठवड्यांत त्रेपन्न सामने सापडले. सरासरी तीनशे अकरा, म्हणजे हजार वेळा फलंदाजीत तीनशे अकरा फटके; उत्तमच. त्याने हाताने आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि सुबक अक्षरात कार्ड तयार केलं. घरी बायको विनिफ्रेडला दाखवताना तो इतका हसत होता की तिने उलटंसुलटं करून ते कार्ड दोनदा वाचलं.

"आता तरी मनातून काढ सगळं," ती म्हणाली.

"काय काढू?"

"तुला माहीत आहे काय ते."

निवडीला चार दिवस उरले होते. अडतीस सालचे काही अंक राहिले होते, ते डोळ्यांखालून घालावेत म्हणून लूशस पुन्हा वाचनालयात गेला. गरज नव्हती. पण अर्धवट सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मे महिन्याच्या एका अंकात रिव्हरमेनचा अख्ख्या संघाचा फोटो होता. खाली डावीकडून उजवीकडे नावं. पाचवा, उंच, सडपातळ, लांब मानेचा माणूस: थिओडोर बीसन, सेकंड बेस, राहणार पॅडुका. आणि रांग संपल्यावर, बसच्या पुढच्या चाकापाशी, साध्या शर्टात, बाह्या वर सारलेला, बुटका, रुंद खांद्यांचा एक जण उभा होता. जे. बीसन, गाडीचालक.

लूशसने फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. ते खांदे त्याने आयुष्यभर पाहिले होते.

तिथून तो सरळ डीली आत्याकडे गेला. डीली म्हणजे बापाची धाकटी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, नाकात ऑक्सिजनची नळी लावून खिडकीपाशी बसलेली. जीभ मात्र तिशीतलीच.

"या साहेब," ती म्हणाली. "आज आत्या आठवली का? की मेलीबिली का ते बघायला आलास?"

"आत्या, पपा रिव्हरमेनमध्ये खेळले होते का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. फोटो बघितला."

तिने नाकातली नळी नीट बसवली. मग आत्या म्हणाली, "बस चालवायचा तो त्यांची. तीन हंगाम. चांगली चालवायचा, एकदाही खड्ड्यात घातली नाही. मग संघ मोडला आणि हा बेकार झाला. तू चार वर्षांचा, घरात पीठ नाही. फाउंड्रीच्या दारात माणसांची ही रांग. मुकादमाने नाव विचारलं. हा म्हणाला बीसन. मुकादम म्हणाला, रिव्हरमेनचा बीसन का? त्यांच्या फाउंड्रीचा संघ होता ना, त्याला खेळाडू हवे होते. तर हा म्हणाला, हो."

"आणि मग खेळायला नाही लावलं त्यांनी?"

"लावलं की. पहिल्याच दिवशी म्हणाला गुडघा दुखावलाय. दुसऱ्या वर्षी लढाई सुरू झाली, संघच बंद पडला. सुटला बिचारा. पण तोवर सगळ्या वस्तीला कळलं होतं. आता नाही कसं म्हणणार?"

"आईला ठाऊक होतं?"

"बायको होती ती त्याची. तिला ठाऊक नसेल होय?"

लूशस खुर्चीत पुढे सरकला. त्याचा आवाज लहान झाला होता. "आत्या, मला रोज त्या पटांगणात उभं करायचे. तू यायचीस तेव्हा बघायचीस. माझं नाक फुटलेलं तूच पुसलंयस."

"हो रे."

"मग एकदा तरी सांगायचं."

"सांगावंसं वाटायचं. पण तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया जळलेल्या असायच्या, लू, हात सालटलेले. त्या ओसरीवर बसला की तेवढा तासभर तो कुणीतरी असायचा. म्हटलं, असू दे. एवढंच तर आहे माझ्या भावाकडे."

"आणि मी?"

आत्याने विणकामाची सुई उचलली, पुन्हा ठेवली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तुझा विचार कुणी केलाच नाही बाळा. तू लहान होतास. आम्हाला वाटलं, विसरशील."

लूशस उठला, तिच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि निघाला. गाडीत बसून त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. रागवायचं तर कुणावर? बाप मातीत जाऊन वीस वर्षं झाली होती. ज्या माणसासारखं न होता आल्याची लाज त्याने जन्मभर बाळगली, तो माणूस पॅडुकाचा होता; त्याचं आणि लूशसचं काही नातं नव्हतं.

शनिवारी निवडीला सगळे जमले. हॅमचे सँडविच आले होते, कॉफी उकळत होती. लूशसने नियमाचा कागद काढला आणि मग उभ्याउभ्याच, कोरड्या आवाजात सगळं सांगून टाकलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

रॉस्को खाकरला. "हे बघ, धावफलकावर नुसतं बीसन छापलंय. आपण आठ जण सोडून कोण बघतंय? तू घे त्याला. कार्डावर जोसेफस लिही."

"पाकिटावर बीसन आहे म्हणून कुठल्याही बीसनच्या पेटीत टाकत नसतात, रॉस्को."

"मग नियम बदलू. म्हणू, संघाबरोबर हिंडलेला कुणीही चालेल. हात वर करा रे."

सहा हात वर गेले. सातवा रॉस्कोचा स्वतःचा. दया होती ती, आणि लूशसला ती ओळखू आली. त्याला ती सोसवेना.

"खाली घ्या हात," तो म्हणाला. "बस चालवणाऱ्याचं कार्ड कसं बनवणार? फाशावर सहा आलं तर काय करेल तो, हॉर्न वाजवेल?"

एक जण चुकून हसला आणि लगेच कॉफी ओतायला उठला. लूशस स्वतः हसला नाही. निवड सुरू झाली. पहिली फेरी, दुसरी, पाचवी, अकरावी. थिओडोर बीसनचं नाव कुणीच घेईना. तीनशे अकरा सरासरीचा सेकंड बेस यादीत तसाच पडून राहिला. बाराव्या फेरीला लूशसने पेन्सिल खाली ठेवली.

"कुणीतरी घ्या त्याला," तो म्हणाला. "त्रेपन्न सामने खेळलाय तो माणूस. पात्र आहे. माझ्या बापाने त्याचं नाव वापरलं यात त्याचा काय गुन्हा?"

रॉस्कोने खाली मान घालून थिओडोरचं कार्ड आपल्याकडे ओढलं. त्यावर खोडून पुन्हा लिहिलेलं नाव होतं, आणि खोडलेलं अजून वाचता येत होतं.

त्या उन्हाळ्यात लूशसने सगळे सामने खेळले, एकही चुकवला नाही. पण रॉस्कोशी डाव असला की बीसनची पाळी आल्यावर रॉस्को फासे घाईघाईने टाकायचा आणि निकाल पुटपुटायचा. लूशस तो लिहून घ्यायचा. हंगाम संपल्यावर त्याने चिटणीसपद सोडलं. वह्या बांधून दिल्या. कारण विचारलं तर म्हणाला, डोळे साथ देत नाहीत.

हे सगळं मुलाला सांगायला त्याला ऑक्टोबर उजाडला. मुलगा नेथन कोलंबसला असतो, तिथल्या शाळेत गणित शिकवतो. महिन्यातून एकदा फोन, हवापाणी, तब्येत, संपलं. त्या रविवारी जेवणानंतर लूशसने आपण होऊन फोन लावला आणि म्हणाला, "तुला एक सांगायचंय. आजोबा रिव्हरमेनमध्ये खेळले नव्हते. बस चालवायचे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय डॅड." नेथनचा आवाज चढला नाही. वर्गात एखादं गणित पुन्हा समजावून घ्यावं तसा तो म्हणाला, "मग तुम्ही मला आठवीपर्यंत त्या मैदानावर कशासाठी उभं केलंत? मी रडायचो. तुम्ही म्हणायचात, तुझ्या रक्तात आहे हे."

लूशसने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. स्वयंपाकघरात विनिफ्रेड भांडी घासायची थांबली होती. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याला आत्याचं उत्तर ठाऊक होतं, पण ते आपल्या तोंडून कसं काढायचं ते कळेना.

"मला वाटलं होतं..." तो म्हणाला.

"असू द्या," नेथन म्हणाला. "मुलं वाट बघताहेत माझी. ठेवतो."

फोन बंद झाला. विनिफ्रेड हात पुसत बाहेर आली, त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली, आणि त्याने विचारलं नसतानाही म्हणाली, "करेल तो. पुढच्या महिन्यात करेल."

नोव्हेंबरमध्ये फोन आला नाही. डिसेंबरमध्ये आला तो विनिफ्रेडसाठी.