गुडघेकाका

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी कार्यक्रमांना सगळे कडक इस्त्रीत यायचे. गुडघेकाकांच्या पँटच्या गुडघ्यांवर मात्र गवताचे हिरवे डाग. आठवडाभर ते ऑफिसात डेटाबेस सांभाळत आणि शनिवार-रविवारी श्वानस्पर्धांचे फोटो काढत. साठी उलटली तरी कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला उतरल्याशिवाय ते बटण दाबत नसत. वरून काढलेला फोटो मालकाचा असतो, कुत्र्याचा नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

बक्षिसाच्या फोटोत कुत्र्याचे कान उभे राहावेत म्हणून बाकीचे फोटोग्राफर चूं-चूं वाजणारी खेळणी दाबत. काकांकडे एकच हत्यार होतं. "कोण आलं बघ?" असं ते खणखणीत मराठीत विचारायचे, आणि मोठमोठ्या खानदानांतली ती परीटघडीची कुत्री कान टवकारून बघायची. त्यांना एक अक्षर कळत नसे.

माझ्या शेवंतीला कळायचं. तिला मी शेल्टरमधून आणलं होतं, आणि घरी बेल वाजली की मी तिला हेच विचारायचे. अडथळ्यांच्या शर्यतीत ती नऊ वर्षं पळाली. डॉक्टरांनी तिच्या उड्या बंद करायला सांगितलं, तेव्हा किताबासाठी एकच निर्दोष फेरी बाकी होती. तेवढी एक शेवटची फेरी पळवून थांबायचं मी ठरवलं आणि देव पाण्यात घालून बसले.

फेरी चालू असताना फोटोग्राफरनं तोंड उघडायचं नाही, हा नियम काकांनी आयुष्यभर पाळला. त्या दिवशी शेवटून दुसऱ्या अडथळ्यापाशी शेवंती दमून, कान पाडून आली आणि त्यांना राहवलं नाही. सवयीनं ते बोलून गेले, "कोण आलं बघ?"

शेवंती थबकली. मग अडथळा सोडून थेट त्यांच्याकडे धावली आणि त्यांचं तोंड चाटायला लागली. फेरी बाद झाली.

मी काकांशी तीन महिने बोलले नाही. त्यांचे फोनही घेतले नाहीत. आज त्याची लाज वाटते.

शेवंती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी काका दारात उभे. हातात फ्रेम होती. फोटो त्या फेरीतला, ती त्यांच्याकडे धावली तेव्हाचा; हललेला, अर्ध्या भागात नुसतं नाक, पण कान ताठ.

"टेक्निकली बेकार आहे गं," ते म्हणाले. "पण हिचा चेहरा बघ. हिला वाटलं, आपण जिंकलो."

मी खूप रडले. काकांनी माझ्याकडून हातोडी मागून घेतली, गुडघे टेकले आणि फ्रेम जमिनीपासून दोन फुटांवर लावली. बसून बघायचा, एवढंच सांगून चहा न घेताच गेले.

रिटायर झाल्यावर ते नाशिकला परतले. परवा त्यांच्या मुलीनं फोन करून ते गेल्याचं सांगितलं. मी अख्खा फोन धुंडाळला. माझ्याकडे काकांचा एकही फोटो नाही. शेवटी हॉलमध्ये त्या फ्रेमसमोर गुडघे टेकून बसले. त्यातही काका कुठे दिसत नाहीत. शेवंती मात्र कान उभे करून त्यांच्याकडेच धावत येतेय.