कनातीबाहेरून निवडलेला संघ

स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ निवडायला तीन बडे साहेब आले आणि तिघांनीही एकीचासुद्धा खेळ पाहिला नाही. निजामाच्या राज्यात मुलींच्या मैदानाभोवती कनात लावलेली असायची. हे दिवटे कनातीबाहेर खुर्च्या टाकून चहा ढोसत बसले. आत मुली घाम गाळत होत्या. माझा पाय मुरगळला होता, म्हणून मी कनातीलगत नुसती बसून होते आणि बाहेरचं सगळं मला ऐकू येत होतं.

खेळाच्या बाई बाहेर जाऊन एकेकीचं नाव सांगत. त्यावर साहेबांचा एकच सवाल, "किसकी बेटी है?"

आमच्यात सगळ्यात चांगली खेळायची ती मलकपेठेतल्या एका शाळामास्तरांची मुलगी. तिचा नेम चुकत नसे. बाईंनी हे सांगितलं, तेव्हा उत्तरादाखल फक्त कपबश्या वाजल्या.

अक्कल गहाण ठेवलेली माणसं! घरी येऊन मी त्यांचा यथेच्छ उद्धार केला. वडील हायकोर्टात जज्ज होते; ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. तिच्यात मास्तरांची मुलगी नव्हती. पहिलं नाव माझं होतं. मी लंगडत लंगडत गणवेशाचं माप द्यायला गेले.