लोर्ना फक्त पाहुणी म्हणून चालते

आमच्या वृद्धाश्रमाच्या दारात तीन महिने पाटी लटकते आहे: कामाला माणसं पाहिजेत. मी इथे कपडे धुते, माणसं किती कमी पडतात ते मला चादरींवरून कळतं. आणि एक बाई रोज साडेअकराला आपल्या पायांनी चालत येते, ती मात्र यांना चालत नाही.

तिचं नाव लोर्ना ट्वेट. इथल्या टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. येते ती आर्लिसला भरवायला. आर्लिस तिची सासू, म्हणजे पूर्वीची. नवरा सुटला, सासू सुटली नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून म्हातारी घास घेत नाही.

नऊ वर्षांपूर्वी क्रेगने, म्हणजे या नवऱ्याने, लोर्नाला भिंतीशी दाबून धरलं होतं. तिने हाताला लागला तो कॉफीचा मग त्याच्या कपाळावर हाणला. पोलिसांना फोन आर्लिसने केला, सुनेला वाचवायला. पोलिसांनी रक्त कुणाचं ते पाहिलं आणि लोर्नाला नेलं. वकील म्हणाला, "किरकोळ गुन्हा आहे, कबूल कर आणि आजच घरी जा." तिची लहान पोरगी घरी क्रेगपाशी होती. लोर्नाने सही केली.

तेव्हापासून कागदावर 'घरगुती हिंसाचार'. शाळेच्या बसवर कामाला नको, पाळणाघरात नको. आता इथे अर्ज केला, तर आमच्या मॅनेजर ट्रूडीने बोलावून घेतलं. दोघी एका वर्गातल्या. मी चादरींची गाडी घेऊन दारातच होते.

"तू कशी आहेस ते मला माहीत आहे गं," ट्रूडी म्हणाली, "पण नियमाला माहीत नाही. म्हाताऱ्यांजवळ तुला एकटीला सोडता येत नाही."

"आणि रोज दार लावून आर्लिसचं अंग पुसते ती कोण?"

"तेव्हा तू पाहुणी असतेस."

त्याच आठवड्यात आमच्या भरवणाऱ्या दोघी आजारी पडल्या. "आलीच आहेस तर आणखी दोघी म्हाताऱ्यांना भरवशील?" हे विचारायला ट्रूडीची जीभ अडखळली नाही. लोर्नाने भरवलं. नंतर ट्रूडीने मोठ्या मनाने बिनपगारी सेवेचा अर्ज पुढे केला. लोर्नाने तो वाचला आणि परत सरकवला.

"यातही गुन्ह्याचा तोच प्रश्न आहे, ट्रूडी."

मी तिला म्हटलं, "उद्यापासून येऊच नकोस. बसू देत बोंबलत."

"मग आर्लिस काय खाईल?"

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती हजर. आर्लिसला हल्ली बरंच आठवत नाही. तिने भरल्या जेवणघरात ट्रूडीला हाक मारली.

"माझ्या सुनेला पगार वेळेवर देतेस ना गं? माझ्या शब्दावर लागली ती इथे."

ट्रूडी खिडकीचा पडदा सारखा करत राहिली.

"देते हो ती, आई," लोर्ना म्हणाली. "तोंड उघडा."